बोम्मावार सरांचं तेल

निवृत्तीनंतर माणसाला काही ना काही लागतंच. कोणाला भजन लागतं, कोणाला प्लॉटची खरेदी-विक्री लागते. डॉक्टर बापूराव बोम्मावार यांना तेल लागलं. जमिनीत नव्हे, डोक्यात.

सर मूळचे सिरोंचा तालुक्यातले. नागपुरात त्यांनी उभा जन्म भूशास्त्र शिकवलं. वर्गात, भाषणात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही ते पुणेरी मराठी बोलायचे आणि चिडले की मात्र अस्सल घरच्या बोलीवर यायचे. २००३ साली हैदराबादच्या एका कंपनीला प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात खनिज तेल शोधायचा परवाना मिळाला. इथली वाट दाखवायला, इथल्या पुढाऱ्यांना नमस्कार घालायला कंपनीला एक वजनदार माणूस हवा होता. सर सल्लागार झाले. झाल्या झाल्या सिरोंच्यात त्यांचा सत्कार झाला आणि अजून जमिनीला टिकाव लागायच्या आधीच त्यांनी माईकवरून सांगून टाकलं, "ही भूमी उपेक्षितांची नाही, ही भूमी तेलाची आहे."

नाजिया शेख त्या सत्काराला दुसऱ्या रांगेत बसली होती. शेजारच्या बाईने टाळ्या वाजवल्या म्हणून तिनेही दोन वाजवल्या. मनात म्हणाली, रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या लोकांपुढे हे बोलायला छाती लागते.

ती सरांचीच विद्यार्थिनी. चंद्रपूरला जटपुरा गेटजवळ तिच्या वडिलांचं, बशीरभाईंचं, चष्म्याचं दुकान होतं. कंपनीने चंद्रपुरातच एक बंगला भाड्याने घेऊन मागच्या दोन खोल्यांत प्रयोगशाळा थाटली होती आणि तिथे नाजियाला नोकरी मिळाली होती. काम म्हटलं तर सोपं होतं. दगडाची पातळ चकती कापायची, तिच्यात निळा रंग घातलेला राळेसारखा द्रव मुरवायचा, तो वाळून घट्ट झाला की चकती काचेवर चिकटवून तिच्यातून उजेड आरपार जाईपर्यंत घासायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. रेतीचा प्रत्येक दाणा वेगळा दिसायचा, आणि दाण्यांच्या मधली रिकामी जागा निळी. निळं जितकं जास्त, तितका दगड सच्छिद्र. तेल जमिनीखाली तळ्यासारखं साचत नाही, ते अशा दगडाच्या भोकाभोकांत राहतं. भोकंच नसतील तर तेल राहणार कुठे, आणि राहिलं तरी बाहेर येणार कसं?

एवढं सरांनीच तिला शिकवलं होतं. तिची तक्रार हीच होती, की शिकवून झाल्यावर ते स्वतः विसरले.

पहिल्याच महिन्यात सरांनी जीपभर दगड पाठवले. प्राणहितेच्या काठच्या कड्यांवरून स्वतः हातोडीने फोडून आणलेले. लालसर, भरड, हाताला रेती लागावी असे. नाजियाने चकत्या केल्या, मोजमाप केलं. सच्छिद्रता चोवीस टक्के निघाली. जगातल्या चांगल्या तेलाच्या दगडांना शोभावी अशी.

सर स्वतः आले. आकडा ऐकला आणि खुर्चीत असे मागे रेलले की जणू तो आकडा त्यांनीच घडवला होता.

"सर, पण ही भोकं खरी नाहीत," नाजिया म्हणाली.

"भोक खोटं कसं असेल, नाजिया? भोक म्हणजे भोक."

"ही पावसाने पाडलेली भोकं आहेत. दगड उघड्यावर होता. रेतीत गारगोटीबरोबर फेल्डस्पारचे दाणे आहेत, ते पाण्याने सडून गेलेत. हे बघा, दाण्याचं कवच उरलंय आणि आतला गर गेलाय, किडक्या शेंगदाण्यासारखा. कडेने लोखंडाचा गंज बसलाय. हजार मीटर खाली ना पाऊस, ना हवा. तिथे हाच दगड असा नसणार."

सरांनी पाहिलं नाही. त्यांनी चहा मागवला. "तू आकडा दे. अर्थ लावायला मी आहे."

सल्लागाराचं काम सल्ला देणं असतं. या गृहस्थाने सल्ल्याऐवजी जाहिरात करायचं ठरवलं होतं. ते गेल्यावर नाजियाने खाली मान घालून चकत्या पुसल्या, पण डोकं शांत राहीना. भद्रावतीकडे कोळशासाठी पूर्वी खोल छिद्रं पाडली होती. त्यातून काढलेल्या दगडाच्या नळ्या, लांब गोल दांड्यासारखे तुकडे, पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी पेट्यांत पडून होते. कंपनीचे चंद्रपूरचे मॅनेजर प्रफुल खोब्रागडे यांच्याकडून तिने परवानगीची चिठ्ठी घेतली, ड्रायव्हर मुन्नाला घेतलं आणि गेली. निम्म्या पेट्यांना वाळवी लागली होती. उरलेल्यांत तिला तोच रेतीचा दगड सापडला, पण खोलवरचा, उजेड न पाहिलेला. रंगाने पांढुरका. तिने बाटलीतून पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला. चांगला सच्छिद्र दगड थेंब चटकन पिऊन टाकतो. इथे थेंब अळूच्या पानावर बसावा तसा बसून राहिला.

"पीत नाई मॅडम," मुन्ना म्हणाला.

"नाही पीत."

चकती केली तेव्हा कारण दिसलं. फेल्डस्पार सडून त्याची पांढरी चिकणमाती झाली होती आणि ती दाण्यांच्या मधे गच्च बसली होती, चाळणीत दही विरजावं तशी. सच्छिद्रता सहा टक्के. कुठे आठ. असल्या दगडात तेल असलं तरी ते जन्मात बाहेर यायचं नाही.

कंपनीच्या संचालकांची बैठक चंद्रपूरच्या विश्रामगृहात भरली. हैदराबादचे तिघे, सर, खोब्रागडे आणि दारापाशी खुर्ची टाकून नाजिया. सरांनी पडद्यावर चोवीस टक्क्यांचा आकडा दाखवला. मग खोब्रागडे म्हणाले, "मॅडमचं एक म्हणणं आहे, ते ऐकून घ्या." ब्रह्मपुरीचा हा माणूस कमी बोलायचा, पण बोलायचा तेव्हा समोरच्याला उठता यायचं नाही.

नाजियाने पाच मिनिटांत सगळं सांगितलं. संचालकांपैकी एकाच्या कपाळाला आठी पडली. ती आठी वाढण्याआधीच सर हसले, मोठ्या मनाने हसल्यासारखे.

"आमची नाजिया फार हुशार. वडिलांच्या दुकानात चष्म्याच्या काचा घासायची, आता दगड घासते. पण साहेब, भिंगातून दिसतं तेवढंच काही जग नसतं."

लोक हसले. हैदराबादच्या लोकांना मराठी विनोद कळला नसावा, तरी ते हसले, कारण सर हसत होते.

"जग नसेल सर," नाजिया म्हणाली, "पण भोक तेवढंच आहे."

या वेळी फक्त खोब्रागडे हसले, आणि तेही खाली बघून.

खोदायचं आधीच ठरलेलं होतं. असल्या बैठका निर्णय घ्यायला नसतात, चहाबरोबर काजू खायला असतात. आता प्रश्न होता तो खोदकामाच्या जागी दगड तपासायला राहणार कोण. हैदराबादच्या कोणीही सिरोंचा तालुक्यात मुक्काम करायला तयार होईना. कोणाला मलेरियाची भीती, कोणाला जंगलातल्या बंदूकवाल्यांची. तेव्हा ज्या बाईचं म्हणणं हसण्यावारी नेलं होतं तिलाच विचारलं गेलं. नाजिया हो म्हणाली. घरी अम्मी रडली. नाजियाला मात्र जायचंच होतं. सरांचं तोंड पडताना तिला समोर उभं राहून बघायचं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही, पण स्वतःपासून लपवलंही नाही.

तुमडीगुड्डा नावाच्या वाडीबाहेर इसरू मडावीच्या पडीक जमिनीवर लोखंडी मनोरा उभा राहिला. इसरू पन्नाशीचा, काटक. कंपनीने त्यालाच राखणदार ठेवलं होतं, म्हणजे स्वतःच्याच जमिनीची राखण करायला. तो रोज सकाळी नाजियाच्या तंबूशी येऊन बसायचा आणि खालून आलेला दगडाचा चुरा ती धुऊन, वाळवून बघायची ते बघायचा.

"बाई, ह्या दगडात तेल हाये म्हन्ते."

"म्हणतात."

"मंग पिळून दाखवा ना."

"सरांना सांगा. पिळण्याचं काम त्यांच्याकडे आहे."

इसरूला हे पटलं. सर दर आठवड्याला पांढऱ्या गाडीतून यायचे, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण चढवायचे, फोटो काढून घ्यायचे आणि जाता जाता चुऱ्याची मूठ हुंगायचे. हुंगण्याने तेल कळत असतं तर कंपनीने एखादी मांजर पाळली असती, असं नाजिया मुन्नाला म्हणाली. मुन्नाने ते सगळ्या तळावर पसरवलं.

चुऱ्यात तेलाचा अंश आहे का हे बघायला एक काळी पेटी होती. आत जांभळा दिवा. चुरा आत ठेवायचा, वरच्या फटीतून बघायचं. तेल असलं तर दाणे पिवळे चमकतात. नाजियाने रोज पाहिलं, रोज अंधार.

एकदा ती पोलीस ठाण्यात तळावरच्या माणसांची नोंद द्यायला सिरोंच्याला गेली होती. परत आली तर मनोऱ्याखाली ही गर्दी. आमदारांचा माणूस, दोन वार्ताहर, वाडीतल्या बाया, नारळ, हार. मधोमध सर, हातात चुऱ्याची बशी, चेहऱ्यावर असं तेज की जांभळ्या दिव्याची गरजच नव्हती.

"ये, ये. तुझीच वाट पाहत होतो," सर म्हणाले. "स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

तिने पेटीत पाहिलं. खरंच चमकत होतं. पिवळं, ठळक. मग तिने बशी बाहेर काढून एक कण चिमटीत धरला. चमक दाण्याच्या आत नव्हती, वरून माखलेली होती, आणि बोटाला चिकट लागत होतं. ती मनोऱ्याकडे गेली. खाली सोडायचे पाइप एकमेकांत पिळण्याआधी त्यांच्या आट्यांना कामगार ग्रीस फासत होते. तिने बोटभर ग्रीस घेतलं, कागदावर पुसलं, कागद पेटीत ठेवला आणि वार्ताहराला म्हणाली, "बघा."

वार्ताहराने पाहिलं. "हे तर जास्त चमकून राह्यलं."

"हो. हेही तेलच आहे. हैदराबादहून डब्यातून आलंय."

गर्दीत आधी कोणाला कळलं नाही. मग मुन्नाला कळलं आणि तो मनोऱ्याच्या मागे जाऊन हसला. आमदारांच्या माणसाने हार कोणाच्या गळ्यात घालावा ते न सुचून इसरूच्या हातात दिला. सर गोरेमोरे झाले. तिला बाजूला घेऊन म्हणाले, आणि या वेळी पुणेरी मराठी कुठच्या कुठे गेली होती, "चार लोकांत माही इज्जत काढाले आली का तू? मले आंधी सांगाचं होतं ना."

"तुम्ही आधी मला विचारायचं होतं, सर. मग हार आणायचे होते."

तिसऱ्या दिवशी सिरोंच्यात आलेल्या पेपरात तरीही बातमी होती: 'तुमडीगुड्ड्यात तेलाची चमक'. ग्रीसचा उल्लेख कुठेच नव्हता. नाजियाने तो पेपर ओला चुरा टिपायला वापरला.

बाराशे मीटरच्या आसपास खोब्रागडे आले. चुऱ्यावरून नेमकं कळत नाही, तेव्हा खालून दगडाची सलग नळीच कापून काढायची असं ठरलं. नाजियाला खात्री होती काय येणार याची. पांढुरका, मातीने बुजलेला, सहा टक्क्यांचा दगड. तो खोब्रागडेंच्या पुढ्यात ठेवायचा, सरांना बोलवायचं, आणि पाण्याचा एक थेंब वर सोडायचा. एवढंच. एकही शब्द न बोलता. या चित्रावर ती महिनाभर जगत होती.

नळी वर आली. पुसून, धुऊन, लाकडी पेटीत ओळीने मांडली. वरचा भाग पांढुरका. खालचा भाग पांढुरका. मधला दीडेक हात मात्र हिरवट होता.

खोब्रागडे जेवायला गेले होते. कामगार सावलीत बसले होते. नाजियाने वरच्या भागावर थेंब सोडला, बसून राहिला. खालच्या भागावर सोडला, बसून राहिला. हिरवट भागावर सोडला, आणि थेंब पडला की नाही असं वाटावं इतक्या पटकन नाहीसा झाला. तिने पुन्हा सोडला. पुन्हा नाहीसा.

ती तिथेच उकिडवी बसून राहिली.

मोजमापासाठी या नळीतून अंगठ्याएवढे तुकडे काढून चंद्रपूरला न्यायचे होते. कुठून काढायचे ते ती ठरवणार होती. खोब्रागडेंनी तिच्यावर सोडलं होतं आणि सरांना वरचा भाग कोणता, खालचा कोणता हेही सांगावं लागलं असतं. टोकाकडचे तुकडे घेतले असते तर खोटं काहीच नव्हतं. तोही याच नळीचा दगड. सहा टक्के. तिचं म्हणणं खरं, सरांचं खोटं. हिरवट भाग पेटीत पडून राहिला असता आणि एक दिवस त्यालाही वाळवीच्या शेडमध्ये जागा मिळाली असती.

तिने टोकाकडचे दोन तुकडे काढलेसुद्धा. तिसऱ्याला छिन्नी लावली आणि तिला विश्रामगृहातला पडदा आठवला, चोवीस टक्क्यांचा. सरांनी हवा तो दगड निवडला होता. आणि आपण काय करतोय? फरक एवढाच, की सर बिचारे उघड्यावर करत होते. तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने छिन्नी पेटीत टाकली आणि तंबूत जाऊन तोंडावर पाणी मारलं. सरांचा राग ठीक होता. पण त्या रागापायी आपण सरांसारखेच झालो तर मग राग तरी कोणाचा करायचा?

परत येऊन तिने हिरवट भागातूनच चार तुकडे काढले. टोकाकडचे दोनही ठेवले.

चंद्रपूरला चकती सूक्ष्मदर्शकाखाली आली तेव्हा ती थोडा वेळ सरांना विसरली. असा दगड तिने पाहिला नव्हता. प्रत्येक दाण्याभोवती हिरवट मातीचा केसाएवढा पापुद्रा होता आणि त्या पापुद्र्यामुळेच दाणे एकमेकांना चिकटले नव्हते, मधली जागा बुजली नव्हती. पावसाने पाडलेली किडकी भोकं नव्हती ही. दगड झाला तेव्हापासून जपून ठेवलेली जागा. निळंच निळं. सच्छिद्रता अठरा टक्के.

तिने खोब्रागडेंना जाऊन सांगितलं. "माझं चुकलं. खाली सगळाच दगड बुजलेला असेल असं मी म्हटलं होतं. मधला पट्टा चांगला आहे. फार चांगला आहे."

खोब्रागडेंनी तिच्याकडे बघून विचारलं, "सरांना तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मीच सांगते."

सर ते ऐकताना उठून उभे राहिले. त्यांनी चूक कबूल करणाऱ्या विद्यार्थिनीच्या पाठीवर हात ठेवला, तिचं कौतुक केलं, मग बशीरभाईंच्या दुकानाचंही कौतुक केलं. नाजियाने ते सगळं ऐकून घेतलं. हरलेल्या माणसाने ऐकायचंच असतं. शेवटी ती म्हणाली, "सर, भांडं चांगलं आहे. भरलेलं कशाने आहे ते अजून पाहायचंय. जांभळ्या दिव्याखाली त्यात काही चमकलेलं नाही. दाण्यांवर तेलाचा डागही नाही."

"तुह्या जिभेले हाड नाई, नाजिया."

"नाही, सर."

चाचणीच्या दिवशी सरांनी नवा सफारी घातला होता. त्या पट्ट्यापर्यंत पाइप सोडला, वरचा दाब कमी केला की जे काही दगडात असेल ते वर येणार होतं. मोठी टाकी मांडली होती. आमदार या वेळी स्वतः आले, कारण पेपरात चमक छापून आली होती. वाडीतली माणसं दूर सागाच्या झाडांखाली बसली होती. त्यांना मनोऱ्याजवळ येऊ देत नव्हते.

आधी हवा आली. मग खाकरल्यासारखा आवाज. आणि मग खरोखरच जोरात धार सुटली, हाताच्या मनगटाएवढी, टाकीच्या तळावर आदळून फेसाळली. दगड आपला शब्द पाळत होता. इतक्या सहज, इतकं भरभरून देणारा दगड विरळाच.

पाणी होतं. कोमट, स्वच्छ पाणी.

टाकी भरत राहिली. सर काठाशी गेले, वाकले, बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"वास येतो," ते म्हणाले.

आमदारांनी बोट बुडवलं. त्यांना वास आला नाही. त्यांच्या माणसाने बुडवलं. त्याला आधी आला, मग साहेबांकडे बघितल्यावर गेला. हैदराबादच्या संचालकाने बुडवलंच नाही. तो गाडीकडे निघाला होता.

"बारीक वास आहे," सर पुन्हा म्हणाले. "नाकाला सवय पाहिजे."

इसरू कुणाला न विचारता आत आला होता. त्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि पचकन थुंकलं. "मिठाचं हाये. ढोर बी नाई पिनार," तो म्हणाला आणि नाजियाकडे वळला. "बाई, एवढ्या खालून एवढं मिठाचं पानी काढाले एवढे लोक काऊन आले?"

हाच क्षण पाहायला नाजिया तुमडीगुड्ड्यात राहिली होती. सरांचं तोंड पडलेलं होतं, तिच्यापासून चार हातांवर, नव्या सफारीवर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे. तिला वाटलं होतं तसं काही वाटलं नाही. माणूस इतका उघडा पडला की त्याच्यावर हसायलाही लाज वाटते. आणि लाज वाटते म्हणून पुन्हा त्याचाच राग येतो.

कंपनीने भोकात सिमेंट ओतलं, मनोरा उतरवला आणि इसरूची जमीन त्याला परत दिली, ग्रीसच्या डागांसकट. शेवटच्या दिवशी सरांची पांढरी गाडी आली नाही. कंपनीने ती आधीच परत बोलावली होती. खोब्रागडेंनी नाजियाला विचारलं, सरांना तुमच्या जीपमध्ये चंद्रपूरपर्यंत नेता का? नाही कसं म्हणणार?

सर पुढे मुन्नाशेजारी बसले. मग बोलायला लागले, समोरच्या काचेकडे बघत, वर्गात बोलावं तसं. मीठ म्हणजे समुद्र. समुद्र म्हणजे जीव. जीव म्हणजे तेल. तेव्हा तेल इथेच कुठे तरी, कदाचित उत्तरेला.

"मीठ म्हणजे समुद्र असं नसतं, सर. पाणी लाखो वर्षं दगडात अडकलं की खारट होतंच. हा नदीचा दगड आहे, तुम्हीच शिकवलंय. तेल या दगडापर्यंत कधी पोचलंच नाही. पोचलं असतं तर डाग तरी राहिला असता."

"उत्तरेले," सर म्हणाले.

आलापल्लीला मुन्नाने चहासाठी जीप थांबवली. टपरीवर पाच-सात जण होते. त्यातल्या एका म्हाताऱ्याने सरांना ओळखलं. पेपरातला फोटो त्याने पाहिला होता. तो हात जोडून जवळ आला. "सर, आपल्या इथी तेल निंगालं म्हन्ते. खरं का?"

टपरीवरचे सगळे वळले. सरांनी चहा बशीत ओतला. मग बशीतून नजर न काढता ते म्हणाले, "मॅडमना विचारा. दगड त्यांनी पाहिला."

नाजियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. चार महिने ज्या माणसाने प्रत्येक आकड्यावर स्वतःचं नाव लिहिलं, त्याने पहिल्यांदाच श्रेय तिला दिलं होतं, आणि कोणत्या वेळेला! सगळे आता तिच्याकडे बघत होते.

"नाही निघालं," ती म्हणाली. "तिथे तेल नाही. कधीच नव्हतं. पाणी आहे, खारं."

म्हाताऱ्याने तिला खालवर न्याहाळलं. मग सरांकडे वळून हळहळला. "सर, तुमी मोठे मानूस. असं बारीक काम पोरीच्या हाती काऊन देल्लं?"

सरांनी बशी तोंडाला लावली. नाही बापा, पोरीने बरोबर पाहिलं, एवढं म्हणायला एक घोट पुरला असता. त्यांनी तो घोट चहाचा घेतला. टपरीवाल्याने मान हलवली, बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सिरोंचा तालुक्याचं तेल एका पोरीच्या चुकीने गेलं हे तिथल्या तिथे ठरून गेलं.

जीप पुन्हा सुरू झाली. सागाची पानं रस्त्यावर पडलेली होती, चाकाखाली कुरकुरत होती. बऱ्याच अंतराने सर मागे न बघता म्हणाले, "तुले तसं सांगाची गरज नव्हती. चालू हाये, पाहून राह्यलो, असं म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं?"

"तुम्हीच विचारायला लावलं, सर."

"इचाराले लावलं म्हून काय खरं सांगाचं?"

मुन्नाने आरशातून मागे पाहिलं. नाजिया हसत होती. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पुढच्या सीटवर डॉक्टर बापूराव बोम्मावार खिडकीबाहेर, उत्तरेकडे, डोळे बारीक करून बघत होते.